तिसरीच्या वर्गातला मेंढा

तांगडे गुरुजींना खोटं बोलता येत नसे. लोक याला सद्गुण म्हणतात, पण तो ज्याला चिकटलेला असतो त्यालाच त्याचा त्रास ठाऊक. गुरुजींच्या लग्नाच्या बैठकीत त्यांचे मामा रंगात येऊन मुलाकडच्या विहिरीचं वर्णन करत होते. मध्येच नवरदेव म्हणाला, ''विहीर आहे, पण तिला पाणी नाही.'' मामांनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. आतल्या खोलीत बसलेल्या मुलीनं मात्र हे ऐकलं आणि आईला सांगून टाकलं की करीन तर हाच नवरा करीन. त्या द्वारकाबाई. अशा माणसावर तिसरीच्या पोरांना बाता मारायला शिकवण्याची वेळ आली, याला आता काय म्हणावं!

त्याचं असं झालं. गुरुजी मूळचे पाचोडचे. घर पाचोडला, म्हातारी आई पाचोडला, द्वारकाबाई पाचोडला, आणि गुरुजी मात्र वाळूजच्या बजाजनगरला लागून असलेल्या पत्र्याच्या शाळेत. राहायला एक खोली, सोबतीला एक स्टोव्ह. शनिवारी शाळा सुटली की पाचोडची एस.टी. धरायची, सोमवारी पहाटे परत यायचं. वाळूजला रोज नवी कंपनी उभी राहत होती, गावोगावची माणसं तिकडे धाव घेत होती, आणि गुरुजी एकटेच उलट्या दिशेला तोंड करून बसले होते. यंदा पाचोडच्या शाळेत एक जागा रिकामी व्हायची होती. ती मिळाली तर घर, नाही मिळाली तर स्टोव्ह. एवढं साधं गणित होतं.

तेवढ्यात शहरात शिक्षकांचं शिबिर भरलं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सांगितलं की आपल्या मुलांची कल्पनाशक्ती पार वाळून गेली आहे. तिला पाणी घालायचं असेल तर मुलांना लोणकढी थापांच्या, अशक्य बढायांच्या गोष्टी शिकवा. नुसत्या वाचून दाखवू नका, वर्गात नाटक बसवा, आणि नाटक स्वतः लिहा. गुरुजी मान खाली घालून टिपून घेत होते. शेवटी विस्तार अधिकारी खोसरे साहेब उभे राहिले आणि म्हणाले, ''जो शिक्षक हे मनावर घेईल, त्याचं आम्ही मनावर घेऊ.'' हे म्हणताना साहेबांनी आपल्याकडेच पाहिलं, असं गुरुजींना वाटलं. खरं तर गुरुजींच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं आणि साहेबांना जेवायला जायचं होतं.

गुरुजींनी त्याच आठवड्यात नाटक लिहिलं. नाव 'बिरूचा मेंढा'. एका धनगराचा मेंढा असतो आणि तो इतर मेंढ्यांपेक्षा बराच मोठा असतो, असं नाटक. वर्गात वाचून दाखवल्यावर पुढच्या बाकावरची बाना उठून उभी राहिली. ही पोरगी प्रश्न विचारायला कधी हात वर करत नसे, सरळ उभी राहत असे.

''गुरुजी, एवढा मेंढा तर आमच्या मेंढरांच्या वाड्यावर बी हाये.''

''अगं, हा त्याच्याहून थोडा मोठा आहे.''

''थोडा म्हंजी किती?''

गुरुजी अडखळले. कारण थोडा म्हणजे किती हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं होतं आणि ते खरंच थोडंच होतं. मग त्यांनी शिबिराची टिपणं काढली आणि फळ्यावर ठळक अक्षरात नियम लिहिला : ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसेल तर लाजायचं नाही, आणखी वाढवायचं. पोरांनी तो पाढ्यासारखा घोकला. आणि मग काय विचारता! मेंढा वाढायला लागला. तो खोलीएवढा झाला, कंपनीच्या शेडएवढा झाला. पैठणला जाऊन त्यानं नाथसागर एका दमात पिऊन टाकला, ढेकर दिला तो सिल्लोडपर्यंत ऐकू गेला, आणि शेवटी दमून जो खाली बसला त्याचा डोंगरच झाला. गावकरी गोळा होऊन ओरडतात, ''नाव द्या, डोंगराला नाव द्या!'' आणि त्याला 'मेंढ्याचा डोंगर' नाव मिळतं. पडदा. गुरुजींना पहिल्यांदाच असं वाटलं की आपण काहीतरी बरं केलं.

सल्ले मग आपसूक आले. समोरच्या खोलीतला सांडू सिल्लोडकडचा. कंपनीत मशीनवर, आणि पाळी संपली की पूर्ण वेळ सल्लागार. ''गुरुजी, मेंढा ठीक है, पर एक फायटिंग पायजे. बिना फायटिंग पब्लिक बसत नसती,'' असं त्यानं बजावलं. खालच्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं, शेवटी आरती हवी. घरमालकांचं म्हणणं, मेंढ्याच्या ऐवजी बैल घ्या, बैलाला मान असतो. सांडूनं तर कंपनीतून पुठ्ठ्याची खोकी आणून मेंढ्याचं मुंडकं स्वतःच बनवलं. डोळ्यांच्या जागी टॉर्चचे बल्ब बसवले. कपाळावर 'ही बाजू वर' अशा अर्थाचं इंग्रजी छापलेलं होतं, ते काही केल्या झाकलं जाईना.

पण खरा अडथळा निघाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीत. मुख्याध्यापक कडुबा गायके सर हे सावध गृहस्थ. छत्री घरी राहिली तर सूर्य तळपत असतानाही परत फिरून घेऊन येणारे. त्यांनी नाटक वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

''गुरुजी, पोरं 'नाव द्या, नाव द्या' ओरडणार? या दिवसांत?''

''डोंगराला द्यायचंय, सर.''

''ते तुम्हाला माहीत, मला माहीत. रस्त्यानं जाणाऱ्याला डोंगर कुठं दिसणार आहे?''

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा कितीक वर्षं धुमसत आला होता. शहरात आज मोर्चा, उद्या बंद, परवा बंदोबस्त. टपरीवर माणूस दुसऱ्याला 'आपलं नाव काय' एवढं विचारतानासुद्धा आवाज खाली आणी. दुसरीच्या वर्गाच्या गीताबाई तिथंच हजेरी भरत बसल्या होत्या. नामांतराच्या सत्याग्रहात त्यांचा भाऊ तुरुंगात जाऊन आला होता.

''सर, त्या नावासाठी माणसांची घरं जळाली,'' त्या मान वर न करता म्हणाल्या. ''माझ्या भावानं तुरुंग पाहिला. आणि तुम्हाला एका खोट्या डोंगराला नाव द्यायची भीती वाटती?''

गायके सरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. खोलीत कुणालाच कुणाकडे बघवेना. गुरुजींना वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे, बाईंचं खरं आहे असं निदान म्हटलं पाहिजे. त्यांना पाचोडची जागा आठवली आणि ते बोलले नाहीत. याची त्यांना नंतर बरेच दिवस लाज वाटत राहिली.

''बाई, तुमचं बरोबर आहे,'' शेवटी गायके सर म्हणाले. ''पण गुरुजी, शेवट बदला.''

गुरुजींनी रात्रीतून शेवट बदलला, आणि इथंच त्यांचा घात झाला. नवा शेवट असा : मेंढा एवढा मोठा झालेला पाहून बिरू हात जोडतो आणि त्याला बिरोबाच्या नावानं सोडून देतो. भाषण गुरुजींनी मोठ्या हौसेनं लिहिलं. 'देवा बिरोबा, हा मेंढा मी तुला सोडला! आजपासून याला कुणी बांधणार नाही, कुणी हाकणार नाही, कुणी विकणार नाही! हा उभा आहे ती जागा याची!' लिहून झाल्यावर त्यांचेच डोळे पाणावले. खरं बोलणाऱ्या माणसाला मोठं वाक्य सापडलं की त्याचं असं होतं.

बिरूचं काम करणाऱ्या पोराचं नावही बिरूच. त्याचे आजोबा धोंडिबा मेंढरं घेऊन मोकळ्या प्लॉटांवर उतरलेले. एकदा तालीम बघायला म्हणून आले आणि पुठ्ठ्याच्या मुंडक्याकडे बराच वेळ बघत राहिले.

''ह्ये काय हाये? कुत्रं?''

''मेंढा आहे, बाबा.''

''न्हाई,'' धोंडिबा ठामपणे म्हणाले. ''देवाचं नाव घ्यायचं आन् कुत्रं उभं करायचं? म्या देतो मेंढा. आन् भंडारा म्हणून ती पिवळी रांगोळी बी नको. खरा भंडारा म्या आणतो.''

गुरुजींना वाटलं, चला, फुकटात खरा मेंढा मिळाला. सांडू मुंडकं घेऊन रागारागानं निघून गेला आणि त्यानं पुढे तीन दिवस गुरुजींना रॉकेल उसनं दिलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी नेमका शहरात बंद पुकारला गेला. एस.टी. जागच्या जागी उभ्या राहिल्या, रस्ते अडले, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते खोसरे साहेब आलेच नाहीत. गायके सर म्हणाले, आता रद्द करून टाकू. पण व्हरांड्यात बाकं जोडून रंगमंच तयार होता, पाळी सुटलेले कामगार बायकापोरांसह येऊन बसले होते, आणि धोंडिबा तर डोक्याला नवं मुंडासं बांधून पुढच्या रांगेत. नाटक सुरू झालं. खोटं कशाला बोला, रंगलंच ते. बाना नाथसागर झाली होती, ती मेंढ्याच्या तोंडासमोर येताना जी काही किंचाळली! गीताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. गुरुजी कोपऱ्यातून बघत होते आणि साहेबांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांचा जीव तुटत होता.

शेवटचा प्रसंग आला. बिरूनं खणखणीत आवाजात भाषण म्हटलं, 'हा उभा आहे ती जागा याची' इथपर्यंत, आणि मूठभर भंडारा मेंढ्याच्या पाठीवर टाकला. मेंढ्यानं आधी मान हलवली. मग शिंगांपासून शेपटीपर्यंत असं काही अंग झाडलं की पुढच्या रांगेतली माणसं पिवळी झाली.

धोंडिबा उठले. त्यांनी मुंडासं काढून बाकांपुढं जमिनीवर ठेवलं आणि डोकं टेकवलं. मागे बसलेल्या बायांनी हात जोडले.

''झालं,'' धोंडिबा म्हणाले. ''देवानं घेतला.''

''काय घेतला?'' गुरुजींनी विचारलं.

''मेंढा. अंग झाडलं न्हवं त्यानं? आता ह्यो देवाचा. म्या नेत नसतो.''

''अहो बाबा, हे नाटक होतं! ते मी लिहून दिलेलं भाषण होतं!''

धोंडिबांनी गुरुजींकडे मायेनं पाहिलं. ''बोलणारा नाटकातला आसंल, गुरुजी. ऐकणारा काय नाटकातला हाये व्हय?''

शिबिरातल्या बाईंनी हे सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बिरूला शाळेसाठी मागं ठेवून धोंडिबा मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीकडे निघून गेले, आणि मेंढा व्हरांड्यात राहिला. कुणी बांधायचा नाही, कुणी हाकायचा नाही, उभा आहे ती जागा त्याची. सगळी कलमं गुरुजींचीच होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला नको, पण सांगतो. मेंढ्यानं आधी तिसरीचा वर्ग घेतला. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा कोकणापासून खायला सुरुवात करून तो विदर्भात पोचला. राष्ट्रगीताला सगळे सावधान उभे राहिले की याला कुणाला तरी धडक द्यायची हुक्की येई, आणि सावधानमध्ये उभा असलेला माणूस हलणार कसा? गायके सर स्वतःच्या कार्यालयात मागच्या खिडकीतून ये-जा करू लागले, छत्रीसकट. रविवारी कामगार दर्शनाला येऊ लागले. नारळ फुटू लागले. तिसरीचा वर्ग लिंबाखाली भरू लागला, आणि मेंढ्याला पाणी-पाला कोण देणार तर लिहिणाऱ्यानं द्यावा, असं सर्वानुमते ठरलं. त्यामुळं गुरुजींचं शनिवारचं पाचोड बुडालं.

त्यांनी हातपाय मारून पाहिले. ग्रामपंचायत म्हणाली, रस्त्यावरचं जनावर आमचं, शाळेच्या आतलं तुमच्या खात्याचं. खातं म्हणालं, आमच्याकडे विद्यार्थी आणि शिक्षक एवढेच प्रकार आहेत. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, ''धडधाकट हाये ना? मग आमचा काय संबंध? आजारी पडू द्या, मग या.'' मेंढ्याची तब्येत तर नारळ खाऊन रोज सुधारत होती. सांडूनं सुचवलं की गुपचूप टेम्पोत घालून सोडून येऊ. गुरुजींना ते जमणारं नव्हतं, कारण कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगून टाकलं असतं.

शेवटी खोसरे साहेबांचंच बोलावणं आलं. बदल्यांचं चाललं होतं. नाटकाचं काय झालं, असं साहेबांनी विचारलं. गुरुजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. पुठ्ठ्याचं कुत्रं, भंडारा, अंग झाडणं, नकाशा, खिडकीतून जाणारे मुख्याध्यापक. साहेब आधी गालात हसले, मग टेबल धरून हसले, मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांना बोलावून घेतलं आणि गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

''साहेब, हे खरं आहे,'' गुरुजी कळवळून म्हणाले.

''व्वा! आणि चेहरा तरी बघा यांचा!'' साहेबांनी डोळे पुसले. ''तांगडे, मी तुम्हाला अगदीच हे समजत होतो. असा कल्पनेचा माणूस पाचोडला घालून वाया घालवू? वाळूजला वस्ती वाढतीय, शाळा वाढतायत. तुम्ही तिथंच पाहिजेत.''

पाचोडची जागा दुसऱ्या कुणालातरी गेली. गुरुजी कचेरीच्या पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. आयुष्यभर खरं बोलल्याबद्दल त्यांना पहिल्यांदा शिक्षा झाली होती, आणि ती बक्षीस म्हणून दिली होती.

मग पाचोडला जाऊन द्वारकाबाईंना सांगणं आलं. त्यांनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे हात हळूहळू थांबले.

''एवढे रविवार आला नाय. का, तर मेंढा. बदली नाय झाली. का, तर मेंढा,'' त्या म्हणाल्या. ''विहिरीला पाणी नाय म्हणून सांगितलं व्हतं तुम्ही, म्हणून केलं तुम्हाला. आता तुम्ही बी शिकला व्हय असल्या बाता?''

''डोळ्यांनी येऊन बघ,'' गुरुजी म्हणाले.

त्या आल्या. सोमवारी पहाटेच्या गाडीनं. शाळेच्या फाटकातून आत शिरले तर व्हरांडा स्वच्छ. फिनेलचा वास. गायके सर खुद्द पुढच्या दारातून बाहेर आले आणि म्हणाले, ''गुरुजी, सुटलो! काल धोंडिबांची मेंढरं रस्त्यानं परत चालली होती. हा उठला आणि गेला त्यांच्यामागं. देवाचा होता, त्याच्या मर्जीनं गेला.'' आणि लगेच सावध होऊन, द्वारकाबाईंकडे बघत, ''कोण मेंढा ते मला काही माहीत नाही हं,'' असं म्हणून आत गेले. सरांना वाटलं होतं, या चौकशीला आलेल्या बाई.

गुरुजींनी वर्गाकडे धाव घेतली. पोरं नुकतीच बसत होती.

''पोरांनो, ह्या बाईंना सांगा. आपल्या शाळेत मेंढा होता की नाही?''

''व्हता!'' सगळा वर्ग ओरडला. द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. गुरुजींच्या जिवात जीव आला.

''केवढा व्हता गं?'' द्वारकाबाईंनी पुढच्या बाकावर विचारलं.

बाना उभी राहिली. तिनं द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं अजून थोडी शंका होती. बानाला नियम पाठ होता.

''खोलीएवढा!''

''बाना, अगं खरं सांग!'' गुरुजी किंचाळले.

''शेडएवढा!'' बिरू म्हणाला. ''त्यानं हेडसरला शिंगावर घेऊन खिडकीतून भाईर फेकलं!''

''आख्खा महाराष्ट्र खाल्ला त्यानं!''

''नाथसागर पिला!''

गुरुजी हात जोडून 'खरं, खरं' म्हणत होते, आणि गुरुजींचा चेहरा जितका रडवेला होत होता तितकी पोरं जिद्दीनं वाढवत होती. गुरुजींनी जन्मात एवढं चांगलं काही शिकवलं नव्हतं.

द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. ''पोरं लई चांगली शिकवलीत,'' म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालू लागल्या.

गुरुजी मागोमाग स्टँडपर्यंत गेले. द्वारकाबाई गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. नवऱ्याचं तोंड त्यांनी एकवार नीट न्याहाळलं. एवढ्या वर्षांत त्या तोंडाला खोटं कधी शोभलं नव्हतं, आणि आजही ते तसंच दिसत होतं.

''खरंच व्हता?'' त्यांनी हळूच विचारलं.

गुरुजींनी मान डोलावली.

''केवढा?''

गुरुजींनी कमरेच्या थोडा खाली हात धरला. होता तेवढाच.

द्वारकाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. ''बस्स? एवढ्याशा मेंढ्यापायी आपलं पाचोड गेलं?''

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. तांगडे गुरुजींनी हात कमरेच्या वर नेला, मग छातीपर्यंत नेला, आणि गाडी वळेपर्यंत ते तो वर वर नेत राहिले.